महापौरांचा रुसवा

महापौरांचा पुतळा या वर्षी करायचा नाही असं झोइला तोमालानं ठरवलं, आणि महापौर रुसले.

रुसले म्हणजे अगदी लग्नातल्या व्याह्यासारखे रुसले. सान हासिन्तोत एकतीस डिसेंबरला जुनं वर्ष जाळतात. जुनं वर्ष म्हणजे जुन्या वर्तमानपत्रांचा आणि लाकडाच्या भुशाचा पुतळा, आणि तोंडवळा त्याचा, ज्यानं वर्षभर गावाचा जीव खाल्ला. गल्लोगल्ली असे पुतळे बसतात, पण तोमालांच्या अंगणातून निघालेला पुतळा मानाचा. झोइलाचा बाप एलेउतेरिओ हयात होता तेव्हा त्यानं ज्याचं तोंड केलं तो माणूस महिनाभर बाजारात फिरकायचा नाही. तेव्हाच्या हुकूमशहाचं, जनरलसाहेबांचं केलं त्या वर्षी एलेउतेरिओला उचलून अकरा दिवस कोठडीत घातलं होतं. परत आला तो दोन दात कमी घेऊन, पण आला तसा सरळ खळीच्या बादलीपाशी जाऊन बसला. ते दिवस वेगळे होते, असं आता सगळेच म्हणतात, आणि कुणी बरे म्हणतं कुणी वाईट.

गेल्या वर्षी महापौर स्वतः आले. फोटोवाले घेऊन आले, आपल्याच पुतळ्याला आपल्याच हातानं काडी लावली, झोइलाच्या गालाचा मुका घेतला आणि म्हणाले, "नाक माझ्यापेक्षा बरं जमलंय." सगळी गल्ली हसली. फेब्रुवारीत ते आधीपेक्षा दुप्पट मतांनी निवडून आले. झोइला एप्रिलपर्यंत धुमसत होती. जाळायला घेतला तो माणूस त्याच आगीवर हात शेकून गेला, आणि लाकूडफाटा आपला. तेव्हाच तिनं ठरवलं की हा बाबा या अंगणात पुन्हा नाही.

मग डिसेंबरच्या बारा तारखेला महापौरांचा सचिव आला. टोपी हातात धरून विचारू लागला की साहेबांचं काही चुकलं का. तीन दिवसांनी किनारा वाहिनीचा बायरन सेव्हायोस आला. हा निर्माता, केसांना जेल लावणारा, आणि झोइलाच्या भाचीचा साहेब. त्याला एकतीस तारखेचा दोन तासांचा कार्यक्रम करायचा होता आणि तोमालांच्या महापौराशिवाय तो होणार नव्हता. तेव्हा झोइलानं अट घातली. पुतळ्याबरोबर जुन्या वर्षाचं मृत्युपत्र वाचायची चाल आहे, मरता मरता जुनं वर्ष कुणाला काय ठेवून जातं त्याची कडवी. ती कडवी बापामागं चौतीस वर्षं तीच लिहीत होती आणि गल्लीतली दीडशे माणसं ऐकत होती. पुतळा करते, ती म्हणाली, पण मृत्युपत्र मी वाचणार, टीव्हीवर, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. बायरन म्हणाला, अहो, त्याशिवाय मजा काय.

त्या मृत्युपत्रात चार ओळी खाडीवर होत्या. त्या चार ओळींसाठी झोइलानं महापौरांना पुन्हा नाक दिलं.

एकोणतीस तारखेच्या दुपारी सगळे अंगणात जेवायला बसले तेव्हा टेबलाच्या टोकाला महापौरही होते. ऊन तिथंच चांगलं पडतं म्हणून त्यांना खुर्चीसकट तिथं वाळत ठेवलं होतं. छातीवरचा महापौरपदाचा पट्टा अजून ओला होता.

आई, म्हणजे डोन्या तार्हेलिया, मधल्या खुर्चीवर ओठ रंगवून बसली होती. सकाळी वाहिनीच्या लोकांनी तिची मुलाखत घेतली होती, एलेउतेरिओच्या अटकेबद्दल. तीनदा घेतली, कारण पहिल्या दोनदा रडू वेळेवर येईना.

"मी सांगितलं त्यांना," आई म्हणाली, "चाळीस दिवस त्या कोठडीबाहेर उभी होते."

"अकरा," झोइला म्हणाली.

"अकरा तुझ्या बापाला. बाहेर उभं राहणाऱ्याला चाळीस पडतात. भात घे."

भात होता, मसुराची उसळ होती, कच्च्या केळ्यांचे तळलेले काप होते आणि कोंबडी होती. या दिवशी तोमालांकडे खेकडे असायचे. झोइलाचा धाकटा भाऊ सेगुंदो पहाटे खाडीच्या चिखलात उतरून दोरीला बांधलेले जिवंत खेकडे आणायचा आणि आई मोठ्या पातेल्यात ते नारळाच्या दुधात टाकायची. चार वर्षांमागं वरच्या अंगाला कोळंबीचा कारखाना आला, त्याची तळी झाली, तळ्यांचं पाणी खाडीत सुटायला लागलं आणि खेकडे गेले. सेगुंदोच्या पोटऱ्यांवर अजून खपल्या होत्या. तो हल्ली जमेल ते काम करायचा आणि जेवताना ताटाकडे बघून जेवायचा.

मधला भाऊ वॉशिंग्टन मात्र खुशीत होता. पुतळ्यांचा धंदा म्हणून जे काही आहे ते तोच चालवायचा. झोइला तोंडं करायची, तो गिऱ्हाइकं. मागच्या भिंतीला त्यानं एकसारख्या चाळीस कोळंब्या ओळीनं बसवल्या होत्या. माणसाएवढ्या, गुलाबी, डोक्यावर गवती टोपी, तोंडभर हसू. त्या जाळायच्या नव्हत्या. कोळंबीच्या कारखान्याच्या जाहिरातीसाठी दुकानांच्या दारात ठेवायच्या होत्या.

"जाळायचं नाही ते करायचं कशाला?" झोइला पहिल्या दिवशी म्हणाली होती.

"गळकं छत बदलायला," वॉशिंग्टन म्हणाला होता.

बायरन आला तो योमाइराबरोबर. योमाइरा वॉशिंग्टनची मुलगी, वाहिनीत दोन वर्षं झाली, गळ्यात ओळखपत्र. आईनं बायरनला जबरदस्तीनं खुर्ची दिली, कोंबडीची तंगडी वाढली. त्यानं ती बाजूला सरकवून कागद काढला.

"डोन्या झोइला, आमचे वकील अक्षरशः लोळले हसून. महापौरांवर तुमची अकरा कडवी आहेत ना, एकालाही हात लावलेला नाही."

"ते बंदरावरच्या घराचं?" वॉशिंग्टननं विचारलं. त्या कडव्यात महापौर बायकोला सांगून मीटिंगला जातात आणि मीटिंग लाल गाऊन घालून दार उघडते.

"ते तर साहेबांना तोंडपाठ आहे. पट्ट्याचं त्यांनी घरी वाचून दाखवलं." बायरननं ते स्वतःच वाचलं:

"महापौरांना ठेवून जातो पट्टा वीतभर मोठा,
पोटाला अन् भाषणाला त्यांच्या कधीच नाही तोटा."

टेबलावर हशा झाला. बायरन पुढं म्हणाला, "पाद्रीबाबांची हरकत नाही. फौजदारांची एकच विनंती आहे, त्यांचं कडवं जरा आधी घ्याल का. नंतर त्यांना बंदोबस्ताला जायचंय, आणि त्यांच्या आईला ते दोघं मिळून बघायचंय."

"घेते," झोइला म्हणाली. "आणि तो लाल रंग कशाचा?"

कागदाच्या तळाशी चार ओळींवर लाल रेघ होती. बायरननं हातरुमालानं कपाळ टिपलं.

"ते वेळेत बसत नाहीये."

"चार ओळी?"

"पंचवीस सेकंद. मोजले आम्ही."

"मग पट्ट्याचं काढा."

"ते कसं काढणार? साहेबांनी मेहुण्यांना सांगून ठेवलंय."

झोइलानं कागद ओढून घेतला आणि उभी राहून वाचायला लागली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण चौतीस वर्षं रस्त्यावर वाचल्यामुळे शेवटच्या माणसापर्यंत जायचा.

"कोळंबीच्या मालकांना मी ठेवून जातो खाडी,
विचारलं नव्हतं कुणाला, तरी घेतली त्यांनी थोडी.
थोडी थोडी म्हणता म्हणता उरला नुसता फेस,
खेकड्यांनी बिळं सोडून धरला परदेस."

कुणी हसलं नाही. हसायचं कडवंच नव्हतं ते.

"यात कुणाला शिवी आहे?" तिनं विचारलं. "पाद्र्याला मी बोकड म्हटलंय, ते चालतं. महापौर बाहेरख्याली, ते चालतं. फौजदार खातो म्हटलं तर तो आईला घेऊन बघायला बसणार. आणि खाडीला फेस आलाय म्हटलं की तुमचं घड्याळ पुढं पळतं?"

"ताई," वॉशिंग्टन हळूच म्हणाला, "पैसे घालून कार्यक्रम कोण सादर करतंय ते तुला माहीत नाही का?" आणि त्यानं हनुवटीनं मागची भिंत दाखवली. चाळीसच्या चाळीस तिच्याकडे बघून हसत होत्या.

झोइलाला माहीत नव्हतं असं कसं म्हणायचं. दोन आठवडे ती त्यांच्यासमोर बसून महापौरांच्या भुवया चिकटवत होती. पण तिच्या डोक्यात बसलं होतं ते बापाच्या काळातलं गणित: झोंबायचं ते खुर्चीवरच्या माणसाला, आणि तो सहन करत असला म्हणजे बाकी सगळं आपोआप चालणार. खुर्चीच्या मागं कुणी उभं असेल हे तिनं धरलंच नव्हतं.  ती टेबलावरची सुरी घेऊन महापौरांकडे गेली आणि त्यांचा डावा कान धरला.

"मग साहेब कुठं जात नाहीत. इथंच उतरवते."

"डोन्या झोइला," बायरन अर्धा उठला. "दोन दिवस राहिलेत हो."

"ताई, तो कान सोड," वॉशिंग्टन म्हणाला. "दिलेला शब्द आहे."

"शब्द मलाही दिला होता यांनी. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"आत्याचं बरोबर आहे," योमाइरा म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिनं ओळखपत्र ब्लाउजच्या आत टाकलं. "मी तिथं होते. सर म्हणाले होते, पूर्ण."

"तू जेव," वॉशिंग्टन म्हणाला.

"झोइला, खाली बस," आई म्हणाली. "तुझ्या बापाचं नाव परवा अख्ख्या किनाऱ्यावर ऐकू जाणार आहे. मी तीनदा रडलेय त्यासाठी."

"बाबांनी जनरलला जाळलं तेव्हा कोण सादर करत होतं, आई?"

"कुणी नाही. म्हणून तर कुणी पाहिलं नाही." आईनं कोंबडीचं हाड बाजूला ठेवलं. "ही एक गल्ली, आणि तीही अर्धी. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या चौकात विचारलं तर लोक म्हणाले, कोण एलेउतेरिओ? आयुष्यभर हेच ऐकलं मी. आता मला ऐकू दे जरा."

झोइलानं आईच्या त्या रंगवलेल्या ओठांकडे बघितलं. तिनं महापौरांचा कान सोडला, सुरी घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि कारण नसताना कांदा चिरायला बसली.

योमाइरा पाठोपाठ आली. दार लोटून घेतलं.

"आत्या, ऐक. तू हो म्हण."

"तूही झालीस का त्यांची?"

"अगं, ऐक तर. कागद ते मंजूर करतात, पण तू वाचणार रस्त्यावर उभी राहून, आणि ते थेट जातं. थेट म्हणजे तू बोललीस की गेलंच. पट्ट्याचं वाचून झालं की थांबू नकोस, खाडीचं म्हणून टाक. त्यांना कळेपर्यंत पंचवीस सेकंद संपलेले असतील. आवाज कापायचं बटण माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीकडे असतं, आणि ती तेव्हा नेमकी पाणी प्यायला जाईल."

झोइलानं तिच्याकडे नीट बघितलं. ही पोर लहानपणी खळीत हात घालायला घाबरायची.

"आणि तुझी नोकरी?"

"बघू. माफी मागीन, आत्याचं वय झालं, विसरते म्हणीन."

"वय झालं म्हण, पण विसरते म्हणू नको," झोइला म्हणाली, आणि तिला हसू आलं. आठवडाभरात पहिल्यांदाच. तिला आत्तापासूनच दिसायला लागलं: बंदरावरच्या खानावळीत टीव्ही, बाजारात टीव्ही, सगळा किनारा जेवायचा थांबलाय आणि खेकड्यांनी धरला परदेस म्हणतेय ती. अर्धी गल्ली नाही. सगळे. बापाला जे मिळालं नव्हतं ते तिला पंचवीस सेकंद मिळणार होतं. तिनं कांदा तसाच टाकला, हात धुतले आणि वळली तर दारात सेगुंदो उभा होता. हातात उष्ट्या ताटांची चळत होती. तो कधीपासून उभा होता कोण जाणे.

"ऐकलंस?" झोइला म्हणाली. "तुझंच कडवं आहे, सेगुंदो. परवा बघ तू."

सेगुंदोनं ताटं मोरीत ठेवली. एकेक ठेवली.

"योमाइरा, जरा बाहेर जा गं बाळा," तो म्हणाला. ती गेली. मग त्यानं नळ सोडला आणि पहिलं ताट घासायला घेतलं.

"ताई, नको म्हणूस ते."

"का? तुला कोणी काही बोललं?"

"कोणी नाही बोललं. होफ्रेला लागलीये नोकरी. दोन तारखेपासून." होफ्रे त्याचा मोठा मुलगा. "तळ्यांवर. पाणी सोडायचं असतं ना, झडप उघडायची, त्या झडपेवर. गणवेश मिळालाय. बूटसुद्धा. त्याची आई रोज काढून बघते."

झोइलाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "खाडीत पाणी सोडायच्या झडपेवर?"

"कुणीतरी उघडणारच ना ती. दुसऱ्याच्या पोरानं उघडली म्हणून काय कमी फेस येतो?"

"त्या फेसानं तुझे पाय सडले, सेगुंदो."

"सडले म्हणून तर बूट पाहिजेत त्याला." तो चिडला नव्हता. चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं. "चार वर्षं तू माझ्यासाठी भांडतेस. नगरपालिकेत गेलीस, पाद्र्याकडे गेलीस. मी कधी म्हटलं, जाऊ नको? तू भांडायचीस तेव्हा मला बरं वाटायचं. पण आता आडनाव वाचतील ताई. तोमाला. भरतीच्या यादीत होफ्रे तोमाला, आणि टीव्हीवर झोइला तोमाला. तेवढं त्यांना कळतं."

"मग मी काय वाचू?"

"महापौरांचं वाच की. ते चांगलंय. ते ऐकून आम्ही सगळे हसतो." आणि मग, खूप हळू: "माझ्यासाठी लिहिलंस ना? मग माझ्यासाठीच राहू दे."

तिला त्याला धरून हलवावंसं वाटलं, आणि त्याच वेळी जवळ घेऊन रडावंसं वाटलं. यातलं तिनं काहीच केलं नाही. त्याच्या खांद्यावरचा साबणाचा शिंतोडा पुसला आणि बाहेर आली.

बाहेर बायरन आईला सांगत होता की चाळीस दिवस हा आकडा फार छान बसतो. झोइलानं कागद घेतला. प्रत्येक खाडाखोडीखाली सही लागते, बायरन म्हणाला, वकिलांना बरं पडतं. तिनं चार ओळींखाली सही केली. योमाइरानं आत्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ओळखपत्र पुन्हा बाहेर काढून सरळ केलं. वॉशिंग्टननं महापौरांचा कान दाबून नीट बसवला.

"छान," बायरन म्हणाला. "आता एक छोटीशी अडचण. कार्यक्रमाचं गणित मी आधीच बसवलं होतं. तुमच्या चार ओळी गेल्या, तर पंचवीस सेकंद रिकामे राहतात."

झोइला त्याच्याकडे बघत राहिली. "वेळेत बसत नव्हत्या ना?"

"तेव्हा बसत नव्हत्या." त्याला यात विनोद दिसला नाही. "साहेबांवरच अजून एक टाकलंत तर? सुचतंय का बघा. घाई नाही, माणूस बाहेर गाडीत थांबलाय."

तिला वाटलं होतं की सुचणार नाही. एखाद्या दिवशी तरी सुचू नये, एवढं तरी हाताला असावं. पण चौतीस वर्षांची सवय, कागद समोर आला की हात चालतो. तिनं मागच्या कोऱ्या बाजूला दोन ओळी लिहिल्या आणि उभी न राहताच वाचल्या:

"आरशाला मी ठेवून जातो महापौरांचं तोंड,
रोज सकाळी त्याच्या नशिबी हीच गळ्यातली धोंड."

वॉशिंग्टन मांडीवर थाप मारून हसला. आईला पदर नव्हता म्हणून तिनं टेबलावरचा रुमाल तोंडाला लावला. बायरननं लगेच फोन लावला, लांब जाऊन कोळंब्यांच्या रांगेपाशी उभा राहिला आणि दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. पलीकडून हसू इतक्या जोरात आलं की टेबलापर्यंत ऐकू आलं. मग तो बराच वेळ नुसता हं, हं, बरोबर आहे साहेब, असं करत होता. फोनवर हात ठेवून तो परत आला.

"साहेब खूश आहेत. आपली आठवण ठेवल्याबद्दल आभार मानतायत. फक्त त्यांचं म्हणणं पडलं, हे जरा भीत भीत लिहिल्यासारखं वाटतंय. एलेउतेरिओंची मुलगी अशी जपून कधीपासून लिहायला लागली, असं विचारतायत. अजून थोडं झोंबेल असं करता येईल का?"

झोइलानं टेबलावरून नजर फिरवली. सगळे तिच्याकडेच बघत होते, सेगुंदोसुद्धा, ओले हात पँटला पुसत.

"येईल," ती म्हणाली.

आलंही. एवढं जहरी तिनं जनरलच्या जावयावरसुद्धा लिहिलं नव्हतं. वाचून झालं तेव्हा सगळ्यांत आधी सेगुंदो हसला, आणि सगळ्यांत जोरात तोच हसत राहिला.